सायलेन्सर बदलल्यावर इंजिनाचे ट्यूनिंग : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी मोटरसायकल एका सिलिंडरची, चार स्ट्रोकची आणि कार्बोरेटरची आहे. गेल्या महिन्यात मूळ सायलेन्सर काढून मी बाहेरच्या बनावटीचा, आतून बराच मोकळा सायलेन्सर बसवला. बेंड पाइप (इंजिनापासून सायलेन्सरपर्यंतचा पाइप) आणि एअर फिल्टर कंपनीचेच आहेत. एक मेकॅनिक म्हणतो की मेन जेट (कार्बोरेटरमधील पेट्रोल सोडणारे मुख्य छिद्र) दोन नंबरांनी मोठा केला नाही तर पिस्टन जळेल. दुसरा म्हणतो, काहीही करण्याची गरज नाही. अ‍ॅक्सिलरेटर सोडला की सायलेन्सरमधून फटफट आवाज येतो, बाकी गाडी ठीक चालते. मी कोणाचे ऐकावे?

उत्तर : दोघांनीही गाडी न तपासता निकाल दिला आहे आणि नेमके तेच टाळायला हवे. सायलेन्सर बदलला की ट्यूनिंग करावेच लागते हे जितके चूक आहे, तितकेच ते कधीच करावे लागत नाही हेही चूक आहे. पाहायचे ते हे, की नव्या सायलेन्सरमुळे हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण खरोखर बिघडले आहे का, बिघडले असल्यास अ‍ॅक्सिलरेटरची मूठ किती पिळलेली असताना बिघडते, आणि तो बिघाड गाडी स्वतः सावरू शकते का.

पेट्रोलचा एक भाग पुरता जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. हवा याहून जास्त असेल तर मिश्रण लीन आणि पेट्रोल जास्त असेल तर ते रिच समजतात. इंजिनाची पूर्ण ताकद साधारणपणे १२.५ ते १३ भाग हवेच्या आसपास मिळते, म्हणून पूर्ण मूठ पिळल्यावर मिश्रण थोडे रिच असावे लागते. उलट, धुरातील प्रदूषणाच्या मर्यादा पाळायच्या असल्यामुळे अनेक गाड्या कारखान्यातूनच आयडलला (मूठ सोडून इंजिन संथ चालू असताना) आणि कमी मुठीला लीन बाजूला ठेवलेल्या असतात. त्यामुळे मोकळ्या सायलेन्सरने थोडाही फरक पडला, तर तो प्रथम याच ठिकाणी जाणवतो.

मेन जेट मोठा करण्याचा सल्ला देणारे बहुधा एक गोष्ट विसरतात. कार्बोरेटर हवेच्या ओढीवर चालतो. त्याच्या अरुंद गळ्यातून हवा जितकी वेगाने जाईल तितका तेथील दाब घटतो आणि तितके पेट्रोल जेटमधून वर खेचले जाते. सायलेन्सर मोकळा झाल्यामुळे इंजिनाने थोडी अधिक हवा घेतली, तर त्याबरोबर थोडे अधिक पेट्रोलही आपोआप येते. ही भरपाई तंतोतंत नसते, पण बरीचशी असते. एअर फिल्टर काढून उघडा फिल्टर लावल्यास मात्र स्थिती निराळी होते, कारण मूळ फिल्टरच्या अडथळ्यामुळे कार्बोरेटरच्या तोंडाशी जो किंचित कमी दाब निर्माण होत असे तो नाहीसा होतो, पेट्रोलची ओढ घटते आणि मिश्रण ठळकपणे लीन होते. सायलेन्सर आणि फिल्टर एकाच दिवशी बदलणाऱ्यांना जेट बदलावेच लागतात. त्यांचा अनुभव केवळ सायलेन्सर बदलणाऱ्याला जसाच्या तसा लागू केला जातो आणि तेथून हा सगळा गोंधळ सुरू होतो.

आता फटफट आवाजाकडे वळू. मूठ पूर्ण सोडल्यावर सिलिंडरमध्ये जाणारे मिश्रण इतके विरळ असते की त्यातील काही भाग न जळताच बाहेर पडतो आणि तापलेल्या पाइपमध्ये ताजी हवा मिळाली की तेथे पेट घेतो. ही ताजी हवा बहुतेक वेळा सैल जोडातून आत ओढली जाते. सायलेन्सर बदलताना बेंड पाइपवर ताण येतो, हेडजवळची गॅस्केट हलते किंवा सायलेन्सरचा क्लॅम्प नीट बसत नाही. असा आवाज येतो म्हणून जेट बदललेल्या आणि शेवटी केवळ गॅस्केट बदलल्यावर शांत झालेल्या गाड्या मी अनेकदा पाहिल्या आहेत, म्हणून हे तपासल्याशिवाय कार्बोरेटरला हात लावू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. थंड इंजिन सुरू करून लगेच जोडांवर साबणाचे पाणी सोडावे; गळती असेल तेथे बुडबुडे येतात. काही गाड्यांमध्ये धूर स्वच्छ करण्यासाठी एक्झॉस्ट पोर्टमध्ये मुद्दाम हवा सोडणारी नळी असते, तिच्यामुळेही हाच आवाज येतो. मूळ सायलेन्सर तो दाबून टाकत असे, नवा दाबत नाही, एवढाच फरक असतो.

जोड घट्ट असूनही आवाज राहिला, तर मिक्स्चर स्क्रूकडे, म्हणजे आयडलचे मिश्रण ठरवणाऱ्या स्क्रूकडे, यावे. तो स्क्रू कोणत्या बाजूला आहे हे आधी पाहणे अत्यंत आवश्यक आहे. इंजिनाच्या बाजूला असेल तर तो सहसा पेट्रोलचा असतो आणि बाहेर फिरवल्यास मिश्रण रिच होते; फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा असतो आणि बाहेर फिरवल्यास मिश्रण लीन होते. मूळ स्थिती किती फेऱ्यांची होती ते हलक्या हाताने आत बसवून मोजावे, कागदावर लिहून ठेवावे आणि मग इंजिन पूर्ण तापलेले असताना एका वेळी पाव फेरीच फिरवावी.

मेन जेटची शंका असेल तर तीही गाडीलाच विचारता येते. कार्बोरेटरमध्ये साधारणपणे पाव मुठीपर्यंत पायलट जेटचा (कमी मुठीच्या लहान जेटचा), पाव ते पाऊण मुठीपर्यंत पेट्रोलची वाट कमी-जास्त करणाऱ्या सुईचा आणि त्यापुढे मेन जेटचा अंमल असतो. मुठीवर आणि तिच्या घरावर चिकटपट्टीने खुणा केल्या की तक्रार नेमकी कोणत्या टप्प्यातली आहे ते कळते. पूर्ण मूठ पिळून गाडी ओढत असताना मूठ किंचित मागे घेतल्यावर गाडी क्षणभर अधिक जोर धरत असेल, तर मेन जेट लहान पडतो आहे असे समजावे. मधल्या टप्प्यात एकाच मुठीवर गाडी डचमळत असेल आणि चोक थोडा ओढल्यावर सुधारत असेल, तर सुईची क्लिप एक खाच खाली घ्यावी, म्हणजे सुई वर उचलली जाते आणि पेट्रोल वाढते. या चाचण्या वाहतूक नसलेल्या, सरळ आणि सुरक्षित जागीच कराव्यात.

जेट बदलायची वेळ आलीच तर एका वेळी एकच नंबर वाढवावा आणि दोन वेगवेगळ्या बनावटींच्या जेटवरील आकड्यांची तुलना करू नये. मिकुनी आणि केहिन या कार्बोरेटर बनवणाऱ्या कंपन्यांच्या जेटवरील आकडे एकमेकांशी जुळतीलच असे नाही.

पिस्टन जळण्याची भीती निराधार नाही, पण ती तुमच्या लक्षणांना लागू होत नाही. पिस्टन आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह यांना धोका असतो तो मोठ्या भारावर दीर्घकाळ लीन मिश्रण जळत राहिल्यावर. मूठ सोडल्यावर येणाऱ्या फटफट आवाजाने पिस्टन जळत नाही. तुमच्या वर्णनावरून मेन जेट तसाच ठेवावा आणि गॅस्केट तपासावी, असे माझे मत आहे.

प्रश्न : माझ्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीला मी बेंड पाइपपासून टोकापर्यंत संपूर्ण नवी एक्झॉस्ट सिस्टिम बसवली आहे. विक्रेत्याने सांगितले की ऑक्सिजन सेन्सर असल्यामुळे ईसीयू (पेट्रोल किती सोडायचे ते ठरवणारा गाडीतील संगणक) काही दिवसांत सर्व काही स्वतः शिकून घेईल. परंतु मध्यम वेगात गाडीचा जोर पूर्वीपेक्षा कमी वाटतो. हे शिकणे कधी पूर्ण होईल?

उत्तर : ते शिकणे एका मर्यादेपर्यंतच होते आणि तुमची तक्रार बहुधा त्या मर्यादेच्या बाहेरची आहे.

बहुतेक मोटरसायकलींवरील ऑक्सिजन सेन्सर हा अरुंद पट्ट्यातला असतो. मिश्रण १४.७च्या एका बाजूला आहे की दुसऱ्या, एवढेच तो सांगतो; रिच असल्यास सुमारे ०.९ व्होल्ट, लीन असल्यास सुमारे ०.१ व्होल्ट आणि अधेमधे फारसे काही नाही. मिश्रण १३ आहे की १२, हे त्याला कळत नाही. म्हणून ईसीयू त्याचे ऐकतो ते आयडलला आणि एकसारख्या, शांत वेगात जाताना. मूठ जोरात पिळली की ईसीयू त्याचे ऐकणे थांबवतो आणि कारखान्यात भरलेल्या तक्त्यावरून (मॅपवरून) पेट्रोल सोडतो. तो तक्ता मूळ एक्झॉस्ट गृहीत धरून तयार केलेला असतो. शिवाय मोठ्या मुठीला बऱ्याच गाड्या प्रत्यक्ष हवा न मोजता मूठ किती उघडी आहे आणि इंजिनाचे आरपीएम (मिनिटाला फेऱ्या) किती आहेत, यावरून हवेचा अंदाज बांधतात. नव्या पाइपमुळे तीच मूठ आणि तेच आरपीएम असताना हवा कमी-जास्त झाली, तर ईसीयूला ते समजण्याचा मार्गच नसतो.

केवळ मागचा सायलेन्सर बदलणे आणि बेंड पाइप बदलणे यांत मोठा भेद आहे, आणि तो मला थोडा सविस्तर सांगावासा वाटतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की दाबाची एक लाट पाइपमधून धावत जाते, पाइप जेथे एकदम रुंद होतो तेथून ती उलटून कमी दाबाची लाट होऊन परत येते, आणि दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकत्र उघडे असताना ती पोहोचली तर उरलासुरला धूर ओढून घेऊन ताज्या मिश्रणाला आत येण्यास मदत करते. पाइपची लांबी ठरलेली असल्यामुळे लाटेला लागणारा वेळ जवळपास ठरलेला असतो, पण क्रँक (पिस्टनमुळे फिरणारा इंजिनाचा दांडा) त्या वेळात किती फिरतो हे आरपीएमवर अवलंबून असते. ६,००० आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात ३६ अंश फिरतो, ३,००० ला केवळ १८ अंश. म्हणून जी लाट एका वेगाला मदत करते, तीच दुसऱ्या वेगाला चुकीच्या क्षणी येऊन धूर उलट सिलिंडरमध्ये ढकलते. मोठ्या व्यासाचा आणि वरच्या आरपीएमसाठी बेतलेला बेंड पाइप मध्यम वेगातला जोर कमी करतो तो या कारणाने. ‘इंजिनाला थोडा बॅकप्रेशर लागतोच’ असे जे म्हटले जाते, त्यामागचा अनुभव खरा आहे, परंतु कारण चुकीचे सांगितले जाते. इंजिनाला अडथळा नको असतो, त्याला वायूचा वेग आणि लाटेची योग्य वेळ हवी असते.

यातून एक कटू गोष्ट निघते. पेट्रोलचे प्रमाण चुकले असेल तर ते ट्यूनिंगने दुरुस्त होते, पण लाटेच्या वेळेमुळे गेलेला जोर मॅप बदलून पूर्णपणे परत येत नाही. दोहोंपैकी काय झाले आहे हे ठरवण्यासाठी डायनोवर (गाडी जागीच चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर), मिश्रणाचे नेमके प्रमाण सांगणारा रुंद पट्ट्याचा सेन्सर लावून, प्रत्येक मुठीला आणि आरपीएमला मिश्रण मोजावे. मोजमापात लीन किंवा रिच टप्पे आढळले, तर ईसीयू फ्लॅश करून (त्यात नवा मॅप भरून) किंवा पिगीबॅक मॉड्यूल (ईसीयूचे संकेत बदलणारी जोड-पेटी) लावून ते सुधारता येतील. पिगीबॅक लावताना लक्षात असू द्यावे, की ज्या टप्प्यात ईसीयू ऑक्सिजन सेन्सरचे ऐकतो, तेथे मॉड्यूलने वाढवलेले पेट्रोल ईसीयू पुन्हा कमी करत राहतो. मोजमाप न करता इंटरनेटवरून उतरवलेला मॅप भरणे मला मान्य नाही, कारण तो दुसऱ्याच गाडीवर तयार झालेला असतो.

तुमच्या मूळ पाइपमध्ये सर्व्होमोटरने फिरणारी झडप होती का, हेही पाहावे. यामाहाने १९८०च्या दशकात एक्सअप या नावाने ही योजना आणली, ती वर सांगितलेल्या लाटेची कमी आरपीएमची गैरसोय कमी करण्यासाठीच. ती झडप नव्या सिस्टिमबरोबर गेली असेल, तर मधला जोर कमी होण्याचे ते एक सरळ कारण आहे. मूळ बेंड पाइपबरोबर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही (धूर स्वच्छ करणारा भाग) निघून गेला असेल तर गाडी प्रदूषणाच्या नियमांत बसणार नाही आणि कोणतेही ट्यूनिंग ती उणीव भरून काढू शकत नाही.

प्रश्न : नव्या सायलेन्सरमधील काढता येणारा बॅफल (आवाज दाबणारा आतला भाग) मी काढला आहे. पुन्हा ट्यूनिंग करावे का?

उत्तर : बॅफल परत बसवावा. आवाज वाढला म्हणजे ताकद वाढली असे नसते, आणि रस्त्याकडेला राहणाऱ्या माणसांचा विचार त्या पाव-अर्ध्या अश्वशक्तीपेक्षा मोठा आहे.

प्रश्न : माझ्याकडे जुनी दोन स्ट्रोकची मोटरसायकल आहे. तिला एक्स्पान्शन चेंबर (मध्ये फुगीर असलेला खास एक्झॉस्ट पाइप) बसवायचा आहे. वरील चर्चा तिलाही लागू होते का?

उत्तर : नाही, तेथे नियम पूर्ण वेगळे आहेत आणि चुकीची किंमतही मोठी असते. चार स्ट्रोकच्या इंजिनात पाइप मदतनीस असतो; दोन स्ट्रोकमध्ये तो जवळजवळ इंजिनाचाच भाग असतो. चेंबरचा रुंदावत जाणारा भाग ताजे मिश्रण सिलिंडरमधून ओढतो आणि टोकाचा निमुळता भाग दाबाची लाट परत पाठवून पोर्टमधून निसटलेले मिश्रण पुन्हा आत ढकलतो. पूर्व जर्मनीच्या एमझेड कारखान्यात वॉल्टर काडेन यांनी १९५०च्या दशकात हे तंत्र विकसित केले. त्यांचा स्वार अर्न्स्ट डेग्नर १९६१ मध्ये पश्चिमेकडे निघून गेला आणि पुढच्याच वर्षी त्याने सुझुकीला ५० सीसीचे जागतिक विजेतेपद मिळवून दिले. एका पाइपच्या आकारात किती सामर्थ्य आहे, हे यावरून लक्षात यावे.

हे सामर्थ्य आरपीएमच्या अरुंद टप्प्यात एकदम उसळते आणि त्या टप्प्यात पेट्रोलची गरजही एकदम वाढते. म्हणून येथे जेट बदलणे ऐच्छिक नाही. सुरुवात मुद्दाम मोठ्या मेन जेटने करावी, गाडी जड आणि धुरकट चालली तरी चालेल, आणि तेथून एकेक नंबर खाली यावे. लहान जेटपासून वर चढण्याच्या प्रयत्नात पिस्टन सिलिंडरला धरतो. ऑइल पेट्रोलमध्ये मिसळून घालत असाल तर धोका दुहेरी आहे, कारण पेट्रोल कमी आले की त्याबरोबर वंगणही कमी येते. प्रत्येक बदलानंतर नवा प्लग लावून पूर्ण मुठीवर थोडे अंतर जावे, क्लच दाबून त्याच क्षणी इंजिन बंद करावे आणि प्लग काढून पाहावा. त्याचे चिनीमातीचे टोक पांढरेफटक दिसले किंवा त्यावर बारीक चकचकीत कण आढळले, तर त्या जेटवर गाडी आणखी एक किलोमीटरही चालवू नये.