वाचकांचे प्रश्न : खाचा पाडलेले चिनी मातीचे भांडे

प्रश्न : नागपूरच्या महाल भागातील आमचे वडिलोपार्जित घर रिकामे करताना माळ्यावर चिनी मातीची एक वस्तू सापडली. बुटक्या शंकूसारखा आकार, चार इंच उंची, वर वाटीसारखा खळगा, पोटाभोवती बारीक खाचा आणि खाली स्कॉटलंडच्या एका व्हिस्कीचे नाव. कोणी तिला दौत म्हणतात, कोणी उदबत्तीचे घर. आजोबा तर दारूला शिवतही नसत. ही वस्तू नेमकी कशासाठी असावी?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : दौतीला बाहेरून खाचा पाडण्याचे कारण नाही, आणि आपण पाठविलेल्या छायाचित्रात तेवढाच पट्टा चकाकीविना खरबरीत ठेवलेला दिसतो. त्यावर आगकाडी ओढीत. वरच्या खळग्यात काड्या उभ्या ठेवीत. संग्राहक याला मॅच स्ट्रायकर म्हणतात. व्हिस्कीचे आणि तंबाखूचे व्यापारी आपले नाव छापलेली अशी भांडी हॉटेले व क्लब यांच्या टेबलांसाठी देत, म्हणजे सिगारेट पेटविणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ते नाव दिवसभर राही. नागपूर 1861 पासून मध्य प्रांताची राजधानी होते आणि शेजारी कामठीला लष्कराची छावणी होती. तेव्हा एखाद्या लिलावातून हे भांडे घरात आले असणे सहज शक्य आहे. आजोबांवर संशय घेऊ नये.

घरातली काडी या खाचांवर ओढून पाहाल, तर ती पेटणार नाही, आणि भांडे अडगळीत गेले ते त्यामुळेच. आजच्या काडीच्या गुलात फॉस्फरस नसतो. तांबडा फॉस्फरस पेटीच्या कडेच्या पट्टीत असतो. जुन्या काडीच्या गुलातच पांढरा फॉस्फरस असे, म्हणून ती कोणत्याही खरबरीत जागी पेटे. पांढऱ्या फॉस्फरसाने काडी-कामगारांच्या जबड्याचे हाड कुजत असल्यामुळे भारतात 1913 च्या कायद्याने तशा काड्यांवर बंदी आली. त्यानंतर वेगळे संयुग वापरून कुठेही पेटणाऱ्या काड्या निघत राहिल्या खऱ्या, परंतु सुरक्षित काडेपेटी घरोघरी पोहोचल्यावर खाचांचे काम संपले.

काळ ठरविण्यासाठी तळ पाहावा. नुसते ‘इंग्लंड’ असेल, तर वस्तू बहुधा 1891 नंतरची, कारण त्या वर्षीपासून अमेरिकेने आयात मालावर मूळ देशाचे नाव सक्तीचे केले; ‘मेड इन इंग्लंड’ असेल, तर सहसा विसाव्या शतकातील. खाचांतला काळपटपणा मात्र घासून काढू नये, कारण वापराची खूण तीच आहे. छापील नावावर लिंबू-चिंच न लावता ओल्या मऊ फडक्याने पुसणे पुरे.