नवीन एसएसडी बसवल्यावर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ येतंय, काय करू? (सिडको, नाशिक)

आधी एक सांगतो, घाईघाईत फॉरमॅट मारू नका. विंडोज बहुधा जुन्या डिस्कवर शाबूत आहे, मशीन ते रिकाम्या एसएसडीवर शोधतंय. चालू करताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगच्या स्क्रीनवर) जा आणि बूट ऑर्डरमध्ये, म्हणजे मशीन विंडोज कुठे आधी शोधेल त्या क्रमात, ‘विंडोज बूट मॅनेजर’ पहिला ठेवा.

जुनी डिस्क तिथे दिसतच नसेल तर पॉवर बंद करून तिची साटा केबल (डिस्क मदरबोर्डला जोडणारी वायर) नीट दाबा. एसएसडी एम.२ (थेट मदरबोर्डवर बसणारी छोटी पट्टी) असेल तर मदरबोर्डचं मॅन्युअल जरूर बघा: काही बोर्डांवर एम.२ स्लॉट भरला की एखादं साटा पोर्ट बंद होतं. अशा वेळी केबल दुसऱ्या पोर्टला लावायची, बस.

तरी अडलं तर कॅबिनेट उचलून कॉलेज रोडला दुरुस्तीसाठी नेण्याआधी एसएसडी काढून एकदा चालू करून बघा.