ती इस्त्री आधी बंद करा: जुन्या टॉप्सच्या खोक्याबद्दल

तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि उत्तर लिहायला आज वेळ काढला. घर घेतलंत, माळ्यावर आधीच्या मालकाचं टॉप्स या अमेरिकन कंपनीच्या 1986 च्या बेसबॉल कार्डांचं न फोडलेलं खोकं सापडलं, आतल्या बऱ्याच मेणकागदी पाकिटांच्या मागच्या घड्या सुटल्यात, आणि तुम्ही विचारताय की हलकी इस्त्री फिरवून त्या चिकटवाव्यात का, म्हणजे ग्रेडिंगला, म्हणजे कंपनीकडून अस्सलपणा आणि दर्जा तपासून घ्यायला, बरं दिसेल. नका करू. हेच मी केलंय, म्हणून एवढं पोटतिडकीने लिहितोय.

माझं खोकं 1983 चं होतं. बेसबॉलचं मला तेव्हा फार कळत नव्हतं, आपलं लॉर्ड्सचं वर्ष म्हणून घेतलं. इथे न्यू जर्सीत एका म्हाताऱ्या बाईंच्या घरातलं सामान विकायला काढलं होतं, त्यात मिळालं. 36 पाकिटं, प्रत्येकात 15 कार्डं आणि गुलाबी बबल गमची एक पट्टी. त्या वर्षीच्या कार्डावर एक मोठा फोटो आणि कोपऱ्यात गोलात छोटा चेहरा असतो, मला अजूनही ती रचना सगळ्यात देखणी वाटते. शिवाय टोनी ग्विन, वेड बॉग्ज आणि राईन सँडबर्ग या तिघा नामांकित खेळाडूंची रूकी कार्डं, म्हणजे त्यांची पहिली कार्डं, त्याच संचात. म्हणजे खोकं न फोडता ठेवण्यासारखं होतं.

माळ्यावरच्या उन्हाळ्याने 11 पाकिटांच्या घड्या उचकटल्या होत्या. एका रात्री सगळे झोपल्यावर ओट्यावर टॉवेल पसरला, इस्त्री सगळ्यात कमी आचेवर ठेवली, मध्ये बटर पेपर घातला. पहिल्याच पाकिटाची घडी अशी सपाट बसली की मी स्वतःवरच खूश. वाढदिवसाच्या मेणबत्त्या विझवल्यावर येतो ना, तसा वास स्वयंपाकघरभर. अकराच्या अकरा केली. फोटो काढून ग्रुपवर टाकले, तिथेही अंगठे मिळाले. एकानेही थांबवलं नाही.

हे पाकीट म्हणजे मेण लावलेला कागद. कारखान्यात मागच्या बाजूला घडी घालून उष्णतेने दाबतात, मेण वितळून चिकटतं. बस, तेवढंच सील. पाकीट फोडून, चांगली कार्डं काढून, फालतू भरून पुन्हा बंद करणारे लबाड लोकही नेमकं हेच करतात: इस्त्री किंवा हेअर ड्रायर. त्यामुळे तपासणारा माणूस आधी मागची बाजूच बघतो. मेण एका रेषेत आहे की पसरलंय, तिथे जास्त चकाकी आहे का, कागदावर नवी सुरकुती आहे का. माझ्या पाकिटांवर हे सगळं होतं. आतलं एकही कार्ड हललेलं नव्हतं, पण ते कोण सांगणार? सुटलेली घडी हा दोष असतो. पुन्हा चिकटवलेली घडी हा संशय असतो. दोषाला कमी किंमत मिळते, संशयाला मिळतच नाही.

पुढचं म्हणजे शुद्ध हात दाखवून अवलक्षण. एका कंपनीकडे तपासणीला पाठवलं. नाव घेत नाही, आणि चूक मुळात माझीच. चार महिने काही नाही. मग खोकं परत आलं, सोबत एक ओळ: पाकिटं पुन्हा बंद केल्याच्या खुणा. कुठली पाकिटं, किती, काही नाही. उरलेली 25 ठीक होती की तीही बाद? फोन केला, चाळीस मिनिटं संगीत ऐकलं, शेवटी एक मुलगी म्हणाली, तज्ज्ञ ग्राहकांशी बोलत नाहीत. मग मी सगळं खरं लिहून मेल केला, इस्त्रीसकट. उत्तर आलं ते छापील: आपल्या संग्रहाबद्दल आभार. फी गेली, दोन्ही बाजूंचा विमा आणि कुरियर गेलं. निर्णयाबद्दल माझी तक्रार नाही, त्यांच्या जागी मीही तेच म्हटलं असतं. पण उरलेली 25 ठीक आहेत की नाहीत एवढं सांगायला काय जात होतं?

आता तुमच्या खोक्याबद्दल, आणि हे माझं मत आहे, मी काही व्यावसायिक नाही. 86 चा माल प्रचंड छापला गेला. तो ग्रेडिंगला पाठवण्यात पैसा घालू नका, फी खोक्यापेक्षा जड होईल. बॅरी बॉन्ड्स या मोठ्या खेळाडूचं कार्ड मिळेल म्हणून फोडायचाही विचार नको. त्याचं त्या वर्षीचं टॉप्स कार्ड या पाकिटांत नाहीच, ते टॉप्सने वेगळ्या काढलेल्या ‘ट्रेडेड’ नावाच्या संचात आलं. त्यापेक्षा खोकं उलटं करून तळ बघा. त्या वर्षी टॉप्सने प्रत्येक खोक्याच्या तळावरच चार कार्डं छापली होती, वेगवेगळ्या खोक्यांवर मिळून एकूण 16, ए ते पी अशी अक्षरं दिलेली. कापू नका. लोक हौसेने कात्री लावतात आणि मग रडतात.

कुणी म्हणेल, यावर प्लास्टिकचं श्रिंक रॅप नाही म्हणजे खोटं. उलट आहे. त्या काळातली टॉप्सची ही खोकी कारखान्यातून प्लास्टिक न चढवताच यायची. प्लास्टिक असेल तर ते नंतर कुणीतरी चढवलेलं, मग कुणी चढवलं ते विचारा.

गम खाऊ नका. हसू नका, माझ्या मेहुण्याने खाल्ला, खडूचा भुगा होता म्हणे. या गमचे डाग कार्डांवर पडायचे म्हणूनच टॉप्सने 1992 पासून तो घालणं बंद केलं. कार्डाच्या पुढच्या बाजूचा मेणाचा डाग काहीजण नायलॉनच्या मोज्याने हलकेच घासून काढतात, निघतोही. पण काहींच्या मते तीही छेडछाडच, त्यामुळे विकणार असाल तर सांगून विका. मागच्या बाजूचा गमचा डाग मात्र विसरा.

माझी ती 11 पाकिटं शेवटी मुलाबरोबर बसून फोडली. 165 कार्डं, त्यात ना ग्विन ना बॉग्ज. इस्त्री फिरवली होती तिथलं मेण कागदातून झिरपून प्रत्येक पाकिटातल्या एका कार्डावर पसरलेलं, बोटाला गुळगुळीत लागतं. ती अकरा कार्डं वेगळी ठेवलीत. बाकीची 25 पाकिटं खोक्यासकट कपाटात, माळ्यावर नाही आणि बेसमेंटमध्येही नाही. तुम्हीही खोकं आधी खाली आणा.

मग दिवसाच्या उजेडात तळाचा आणि पाकिटांच्या मागच्या बाजूचे फोटो टाका. आठवड्यात मला जमत नाही, शनिवारी बघून सांगतो.