एम.एस्सी. केमिस्ट्रीनंतर क्यूसी (गुणवत्ता तपासणी), आर अँड डी (संशोधन-विकास) की पीएचडी? चुकीची वाट धरली तर?

शेवटचं वर्ष आहे, काहीच ठरत नाही आणि एकदा वाट चुकली की अडकलो, अशी धास्ती तुम्ही प्रश्नात लिहिली आहे. मलाही ती होती, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

2003 साली मी रबाळ्याच्या एका औषध कंपनीत क्यूसीला ट्रेनी लागले. ठाणे-वाशी लोकल तेव्हा सुरू व्हायची होती, त्यामुळे कळव्याहून बसने जायचं. पहिल्याच आठवड्यात ब्युरेटचं (द्रव मोजून सोडायच्या काचेच्या नळीचं) रीडिंग 24.3 लिहिलं म्हणून सीनिअर मॅडमनी वही परत केली. "दुसरा दशांश कुठाय?" 50 मिलिच्या ब्युरेटवर रेघा 0.1 च्या असतात. दोन रेघांमधला आकडा कुठेच छापलेला नसतो. मेनिस्कस, म्हणजे द्रवाचा वक्र पृष्ठभाग, डोळ्यांच्या पातळीला आणून तो अंदाजाने घ्यायचा, आणि अंदाज असला तरी लिहायचाच. कॉलेजात इतकी टायट्रेशन्स केली, पण ही गोष्ट डोक्यात शिरली ती तिथे.

अणुभारसुद्धा आपण पाठ केले तितके पक्के नाहीत. आयुपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या तक्त्यात हायड्रोजनचा अणुभार 1.00784 ते 1.00811 असा पल्ल्यात दिला, कारण नमुना कुठला आहे त्यावर समस्थानिकांचं, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचं, प्रमाण बदलतं.

सगळं आधी पक्कं ठाऊक नसतं, तरी पुढे जावं लागतं. याचं माझ्या आताच्या कामाशी जवळचं उदाहरण रिटोनाव्हिरचं. एचआयव्हीवरचं हे औषध ॲबॉटने 1996 ला बाजारात आणलं. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि 1998 मध्ये कॅप्सूल डिझोल्यूशनला, म्हणजे औषध नीट विरघळतं का या चाचणीला, फेल व्हायला लागल्या. रेणू तोच, शुद्धता तीच, पण स्फटिकाची एक नवीच रचना तयार झाली होती आणि ती फारच कमी विरघळायची. कॅप्सूल मागे घ्याव्या लागल्या, फॉर्म्युलेशन नव्याने करावं लागलं. त्या काळच्या उत्तम केमिस्टनाही ही दुसरी रचना आधी दिसली नव्हती. आज औषध बाजारात येण्याआधी त्याच्या अशा रचना, म्हणजे पॉलिमॉर्फ, शोधणं हे एक वेगळं कामच झालं आहे.

त्या कामात मी ठरवून आले नाही. 2008 ला आमचं युनिट बंद झालं, चार महिने घरी होते. महाप्याला एका लॅबला एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना पाहायचं यंत्र) चालवायला माणूस हवा होता. मला येत नव्हतं, तसं स्पष्ट सांगितलं आणि शिकेन म्हटलं. आजही तेच करते आणि मनापासून आवडतं. पीएचडी नसल्यामुळे वरच्या दोन जागा हुकल्या, हेही खरं. एकाच प्रश्नाला चार-पाच वर्षं द्यायची ओढ असेल तर पीएचडी जरूर करा. नुसता निर्णय पुढे ढकलायला मात्र नको.

क्यूसीच्या इंटरव्ह्यूला ओओएसबद्दल हमखास विचारतात: रिझल्ट स्पेसिफिकेशनबाहेर गेला तर काय कराल? "पुन्हा टेस्ट करीन" असं पटकन म्हणू नका. सोल्युशन्स तशीच ठेवायची, सुपरवायझरला लगेच सांगायचं, मग वजन, डायल्यूशन, स्टँडर्ड, क्रोमॅटोग्राम (यंत्राने दिलेला आलेख) एकेक तपासायचं. फ्लास्क धुऊन टाकला तर काय झालं होतं ते पुन्हा कळत नाही.