मोठ्या भावाला ऑटिझम आहे. दीड वर्षाची धाकटी हाकेला वळत नाही, पण मिक्सर लावला की कान झाकते. ईईजीतून (मेंदूच्या विद्युत लहरींच्या आलेखातून) ऑटिझमचं निदान होईल का?

नाही, ईईजीवरून ऑटिझमचं निदान होत नाही. ऑटिझम असलेल्यांच्या धाकट्या भावंडांवरच्या अभ्यासांत मेंदूच्या लहरींमध्ये फरक दिसले आहेत, पण ते गटाच्या सरासरीतले. एकट्या मुलीचा आलेख पाहून काही ठरवता येत नाही. हाकेला थंड आणि आवाजाला हळवी, हे दोन्ही एकाच मुलात असू शकतं. २०१३ पासून डीएसएम-५ (मानसिक विकारांच्या निदानाची अमेरिकी मार्गदर्शक पुस्तिका) मधल्या ऑटिझमच्या निकषांत दोन्हींचा समावेश आहे, पण तेवढ्यावरूनही निदान होत नाही. अशा भावंडांपैकी साधारण पाचातल्या एकालाच ऑटिझम निघतो. आधी श्रवणचाचणी करा (ही हमखास राहून जाते), मग विकासात्मक बालरोगतज्ज्ञांकडून तपासणी. झटके येत असतील किंवा ती मध्येच भान हरपून टक लावत असेल, तर मात्र ईईजी हवाच.