क्रुकेड किंगडम उघडण्याआधी
ली बार्डुगोची सिक्स ऑफ क्रोज ही फँटसी कादंबरी संपली ना, मग आता क्रुकेड किंगडम हा तिचा दुसरा भाग घेण्याआधी पहिल्या भागाची शेवटची दोन-तीन प्रकरणं परत एकदा वाच, कारण टोळीतल्या नीनाने काय घेतलंय, तिचा साथीदार वायलन आता कुणासारखा दिसतोय हे डोक्यात ताजं नसेल तर दुसऱ्या भागाच्या सुरुवातीलाच गोंधळ उडतो. यावेळी आइस कोर्ट किल्ल्यावरच्यासारखी लांबची मोहीम नाहीये, सगळा खेळ टोळीच्या केटरडॅम शहरातच, आणि मला तर म्हणूनच हा भाग जास्त आवडतो, टोळीचा म्होरक्या काझला त्याच्याच गल्ल्यांमध्ये डाव टाकताना बघायला जाम मजा येते. प्रकरणावरचं नाव बघत जा, वायलनच्या नजरेतून गोष्ट पहिल्यांदा इथेच कळते, ती प्रकरणं प्लीज घाईत उरकू नकोस, त्याच्या बापाबद्दलचं बरंच काही त्यात आहे. आणि हो, संपेपर्यंत फॅनआर्ट अजिबात बघायची नाही, शेवट फुटतो!