परत मुंबईला येताय ना, मग आधी हे वाचा

ताई, लंडनचं सामान पॅक करायच्या आधी जीपीकडून (तिकडच्या फॅमिली डॉक्टरकडून) तुमचे सगळे मेडिकल रेकॉर्ड मागून घ्या. तिकडे एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, सगळं त्यांच्या कॉम्प्युटरवर असतं म्हणून आपल्याला सवयच राहत नाही, इथे फाइल आपणच सांभाळायची, प्रत्येक डॉक्टरकडे तीच पिशवी घेऊन जायची.

हेल्थ इन्शुरन्स आल्या आल्या काढा. बीपी, शुगर असेल तर फॉर्मवर स्पष्ट लिहा, अजिबात लपवू नका, आधीच्या आजारांना ३ वर्षांपर्यंत वेटिंग असू शकतं, म्हणजे तोवर त्यांचा क्लेम मिळत नाही, त्यामुळे जितका उशीर कराल तितकं ते पुढे जाणार. आणि रूम रेंटची लिमिट, म्हणजे रूमच्या किती भाड्यापर्यंत पॉलिसी पैसे देते, ती वाचाच! माझ्या वडिलांना रात्री दोनला अ‍ॅडमिट केलं, काउंटरवर आधी डिपॉझिट भरा म्हणाले, घाबरून मी मिळेल ती, लिमिटपेक्षा महागडी रूम घेतली आणि मग क्लेममध्ये नुसतं रूमचं भाडं नाही तर डॉक्टरची फी, ऑपरेशनचा खर्च, सगळंच त्या प्रमाणात कापलं. फार मनस्ताप झाला हो.

पण तिकडे स्पेशालिस्टसाठी रेफरल घेऊन महिनोन्महिने थांबायचो, इथे दादरला सकाळी फोन केला की संध्याकाळी ऑर्थोपेडिक भेटतो, एक्सरेपण लगेच. केईएम, सायन या महापालिकेच्या हॉस्पिटलांना नाक मुरडू नका, गर्दी असते, केस पेपरसाठी सकाळी लवकर रांग लावावी लागते, पण डॉक्टर खरंच हुशार आहेत. अँब्युलन्सचा १०८ नंबर आईच्या फोनमध्ये आजच सेव्ह करायला सांगा.